वळणावर हात देणारे

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांमध्ये एक ठरावीक चर्चा सुरू होते. जीवशास्त्र घेतले तर वैद्यक, गणित घेतले तर अभियांत्रिकी; शिकवणीवर्ग लातूरचा की कोट्याचा; शुल्क किती आणि त्यासाठी कोणती मुदतठेव मोडायची. चर्चेत आई-वडील असतात, मामा-काका असतात, शेजारच्या यशस्वी मुलाचा दाखला असतो. ज्याच्या आयुष्याचा निर्णय होत असतो तो मुलगा किंवा मुलगी मात्र बहुधा गप्प असते. २०२४ साली ‘नीट’ परीक्षेसाठी देशभरातून चोवीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली आणि एमबीबीएसच्या जागा एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. उरलेल्या लाखो मुलांनी अठराव्या वर्षीच आपण हरलो, असे मानायचे काय? २०२३ या एका वर्षात कोटा शहरात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी मृत्यूला कवटाळले. हा आकडा ज्या समाजाला अस्वस्थ करत नाही, त्या समाजाने आपल्या यशाच्या कल्पनेचीच तपासणी करण्याची वेळ आली आहे.

‘करिअर’ हा शब्द आता मराठीत पूर्ण रुळला आहे. त्याच्या आधीचे शब्द वेगळ्या अर्थाचे होते. वृत्ती, व्यवसाय, जीवितकार्य या शब्दांत माणूस काय मिळवतो यापेक्षा काय करतो याला महत्त्व होते. ‘करिअर’ म्हणताच डोळ्यांपुढे शिडी उभी राहते: प्रवेशपरीक्षा, पदवी, परदेश, ‘पॅकेज’, पद. पाय एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर ठेवत जायचे, खाली पाहायचे नाही आणि बाजूला तर मुळीच पाहायचे नाही. परंतु वैद्यक, विज्ञान आणि उद्योग या तीन क्षेत्रांत ज्यांनी या देशात खरोखर काही उभे केले, त्यांची चरित्रे उघडून पाहिली तर ही शिडी फारशी कोठे आढळत नाही. आढळतात ती वळणे. आणि प्रत्येक वळणावर, यशाचा कोणताही पुरावा हाती नसताना, मदतीचा हात पुढे करणारे कोणीतरी आढळते. चरित्रनायकाचे गुणगान करताना या हात देणाऱ्यांकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते.

रंग ओळखता न आलेला चित्रकार

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव परिसरातील गुर्लहोसूरचा. त्यांना चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे ध्यानात आले की काही रंगांमधला भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नाही. चित्रकाराच्या दृष्टीने हा मार्गाचा शेवटच होय. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. ते यांत्रिक रेखनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत अध्यापक झाले. पगाराची, प्रतिष्ठेची नोकरी होती. बढतीच्या वेळी त्यांना डावलून शासनकर्त्यांच्या जवळच्या वर्गातील व्यक्तीस पुढे करण्यात आले. परकीय सत्तेच्या काळात असा अपमान गिळून निवृत्तीपर्यंत नोकरी करणारे हजारो होते. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास परतले.

त्यापूर्वीच, १८८८ साली, बेळगावात सायकलींचे दुकान सुरू झाले होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि थोरले बंधू रामुअण्णा त्या विकत. आज ही गोष्ट गमतीची वाटते. पण अध्यापकाची नोकरी सोडून आलेल्या धाकट्या भावाला त्या काळात घरात जागा आणि धंद्यात वाटा देणारा थोरला भाऊ नसता, तर पुढचा नांगर घडलाच नसता. लोखंडी नांगर तयार झाला, तेव्हा शेतकरी तो घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. पहिले मोजके नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. आजच्या भाषेत बोलायचे तर हा उद्योग दोन वर्षे ‘अयशस्वी’ होता. त्यानंतर बेळगावातील कारखान्याची जागाही नगरपालिकेच्या विस्तारयोजनेमुळे सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ देऊ केला आणि आर्थिक साहाय्यही केले. निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

चित्रकलेचा विद्यार्थी, अध्यापक, सायकलविक्रेता, नांगराचा कारखानदार, उद्योगनगरीचा संस्थापक. नोकरीच्या अर्जासोबत हा जीवनपट आज कोणी जोडला, तर ‘अस्थिर’ असा शेरा मारून तो बाजूला ठेवला जाईल. प्रत्यक्षात त्यामागे एक अखंड सूत्र होते: वस्तूकडे पाहून तिची रेषा ओळखण्याची दृष्टी. मार्ग बदलला, दृष्टी बदलली नाही. आणि त्या दृष्टीला टिकून राहता आले, कारण एका भावाने आणि एका संस्थानिकाने तिच्यावर विश्वास ठेवला.

निवृत्तीनंतर सुरू झालेले आयुष्य

वैद्यकातील उदाहरण तमिळनाडूचे आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचा जन्म १९१८ साली वडमलापुरम या खेड्यात झाला. १९४४ साली ते मद्रासहून डॉक्टर झाले आणि लष्करी वैद्यकीय सेवेत रुजू झाले. प्रसूतिशास्त्रात प्रावीण्य मिळवायचे, असे त्यांनी ठरवले होते. परंतु तिशीच्या उंबरठ्यावर त्यांना संधिवाताच्या तीव्र आजाराने गाठले. महिनोन्महिने ते अंथरुणास खिळून राहिले. हातांची बोटे कायमची वाकडी झाली. प्रसूतितज्ज्ञ होणे शक्य राहिले नाही. तेव्हा त्यांनी नेत्रशास्त्र निवडले आणि त्याच वाकड्या बोटांत शस्त्र धरण्याचा कसून सराव केला. त्या हातांनी पुढे एक लाखाहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया केल्या.

एवढ्यावर त्यांचे चरित्र संपले असते, तरी ते प्रेरक ठरले असते. शासकीय सेवेत त्यांनी मानाची पदे भूषविली, १९७३ साली पद्मश्री मिळाली आणि १९७६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते निवृत्त झाले. आयुष्याचे मोठे काम त्यानंतर सुरू झाले. मदुराईत एका घरात अकरा खाटांचे रुग्णालय त्यांनी उघडले. श्रीअरविंदांवरील श्रद्धेतून त्याला ‘अरविंद’ हे नाव दिले. सूत्र साधे होते: ज्याला परवडते त्याने पैसे द्यावेत, ज्याला परवडत नाही त्याच्यावर तसेच उपचार व्हावेत आणि दोघांवरील शस्त्रक्रियेचा दर्जा एकच असावा. शल्यविशारदाचा एक क्षणही वाया जाऊ नये म्हणून दोन शस्त्रक्रिया-टेबले शेजारी शेजारी ठेवण्याची पद्धत तेथे रुळली. एका रुग्णाची शस्त्रक्रिया होत असता दुसऱ्याची सिद्धता पूर्ण होते. खेड्यातील मुलींना प्रशिक्षण देऊन साहाय्यक म्हणून उभे केले गेले. मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवायची भिंगे परदेशातून आणणे गरिबांच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून १९९२ साली ‘ऑरोलॅब’ सुरू झाली आणि तीच भिंगे मूळ किमतीच्या अल्पशा अंशात येथेच तयार होऊ लागली. वेंकटस्वामी २००६ साली निवर्तले, पण अकरा खाटांचे ते घर आज जगातील सर्वांत मोठ्या नेत्रसेवा-जाळ्यांपैकी एक झाले आहे.

या कथेतही हात देणारे आहेत. निवृत्त, आजारी, अठ्ठावन्न वर्षांच्या डॉक्टरला मोफत रुग्णालय काढण्यासाठी कोणती पेढी कर्ज देणार? पैसा उभा राहिला तो भावंडांच्या त्यागातून. घरे गहाण पडली, दागिने मोडले. भगिनी डॉ. नाचियार आणि त्यांचे पती डॉ. नामपेरुमालसामी हे स्वतः निष्णात नेत्रतज्ज्ञ. त्यांनी आपले स्वतंत्र भवितव्य बाजूला ठेवून त्या अकरा खाटांशी नाते जोडले. वेंकटस्वामी अविवाहित होते. पण त्यांचे कार्य एका कुटुंबाचे कार्य झाले. एकत्र कुटुंबपद्धतीचे दोष मोजणाऱ्यांनी हा हिशेबही एकदा मांडून पाहावा.

बहिणीच्या बांगड्या, प्रमुखाची छाती

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे चरित्र घराघरांत वाचले गेले आहे. तरीही त्यातील दोन प्रसंग या दृष्टीने पुन्हा आठवण्याजोगे आहेत. मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळाला, तेव्हा सुमारे एक हजार रुपयांची सोय रामेश्वरमच्या त्या घरात नव्हती. बहीण झोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवली. कलामांना वैमानिक व्हायचे होते. डेहराडून येथील निवडीत आठ जागा होत्या आणि त्यांचा क्रमांक नववा आला. खचलेल्या मनाने ते ऋषिकेशला स्वामी शिवानंदांच्या आश्रमात गेले आणि तेथून सावरून दिल्लीतील तांत्रिक सेवेत रुजू झाले. नवव्या क्रमांकाने देशाला एक वैमानिक कमी दिला, पण पुढे अग्निबाण-तज्ज्ञ आणि राष्ट्रपती दिला.

दुसरा प्रसंग १० ऑगस्ट १९७९चा. एस.एल.व्ही.-३ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण फसले आणि तो बंगालच्या उपसागरात कोसळला. प्रकल्पाचे संचालक कलाम होते. परंतु पत्रकारांसमोर गेले ते ‘इस्रो’चे अध्यक्ष प्रा. सतीश धवन. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली आणि आपल्या सहकाऱ्यांवरील विश्वास जाहीर केला. वर्षभराने, १८ जुलै १९८० रोजी, रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला. त्या दिवशी धवन यांनी पत्रकारांसमोर कलामांना पाठवले. हा प्रसंग कलामांनी आयुष्यभर कृतज्ञतेने सांगितला. अपयश आपल्याकडे आणि यश सहकाऱ्याकडे, ही नेतृत्वाची व्याख्या व्यवस्थापनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा थोर आहे.

धवन यांचा स्वतःचा मार्गही शिडीचा नव्हता. १९२० साली श्रीनगर येथे जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने लाहोरच्या पंजाब विद्यापीठातून गणित व पदार्थविज्ञान, इंग्रजी साहित्य आणि यंत्र अभियांत्रिकी अशा तीन वेगवेगळ्या पदव्या घेतल्या. अमेरिकेतील ‘कॅलटेक’मधून विमानविद्येत डॉक्टरेट मिळवून १९५१ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. विक्रम साराभाई यांचे डिसेंबर १९७१ मध्ये अकाली निधन झाल्यावर अवकाश कार्यक्रमाची धुरा घेण्याचे आवाहन त्यांना झाले. अधिक मोठे पद समोर असताना त्यांनी अट घातली ती विज्ञान संस्थेचे संचालकपद न सोडण्याची. शिक्षक म्हणून स्वीकारलेले काम त्यांना अर्ध्यावर टाकायचे नव्हते. साहित्य शिकलेल्या अभियंत्याची ही घडण आजच्या पालकांना ‘वेळेचा अपव्यय’ वाटेल. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधील भिंती सैल करण्याचे ठरवले आहे. पण घराघरांतील भिंती सैल झाल्याखेरीज ते धोरण कागदावरच राहील.

बंद दार आणि उघडे दार

हात देणाऱ्यांची ही कथा सांगताना दार बंद करणाऱ्यांचा विसर पडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी उत्तम गुणांनी मिळवून कमला भागवत यांनी भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते चंद्रशेखर वेंकट रामन. केवळ स्त्री असल्यामुळे त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि आग्रह धरून बसल्या. अखेर वर्षभराच्या परीक्षाधीन अटीवर प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि पुढे मुलींसाठी त्या संस्थेचे दार उघडले. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी वनस्पतींच्या पेशींमधील ‘सायटोक्रोम सी’ या श्वसनक्रियेशी निगडित द्रव्यावर संशोधन केले आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. परदेशी राहण्याची संधी असताना त्या परतल्या. नीरा, कडधान्ये, तांदूळ या सामान्य भारतीयाच्या आहारातील पदार्थांवर त्यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत संशोधन केले. याच डॉ. कमला सोहोनी.

रामन यांची थोरवी या प्रसंगाने पुसली जात नाही. पण थोर माणसालाही काळाचा पूर्वग्रह आंधळा करू शकतो, हे मात्र त्यातून दिसते. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि त्याच संस्थेचे विद्यार्थी होते. घरातील तो आधार पाठीशी नसलेल्या, तितक्याच बुद्धिमान किती मुली त्या दारावरून मुकाट परत गेल्या असतील, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही. प्रतिभा वाया घालवण्याइतका हा देश तेव्हाही श्रीमंत नव्हता, आजही नाही.

दार उघडे सापडले तर काय होते, याचे उदाहरण गोमंतकातील माशेलचे. रघुनाथ माशेलकर सहा वर्षांचे असताना वडील वारले. आईने मुंबईत कष्ट करून मुलाला शिकवले. पायात चपला नाहीत, अभ्यासाला रस्त्यावरचे दिवे, अशा स्थितीत १९६० साली शालान्त परीक्षेत ते गुणवत्ता यादीत आले. तरीही शिक्षण थांबण्याची वेळ आली होती. सर दोराबजी टाटा न्यासाच्या दरमहा साठ रुपयांच्या शिष्यवृत्तीने ते थांबू दिले नाही. तोच विद्यार्थी इंग्लंडमधील अध्यापन सोडून १९७६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परतला, तिचा संचालक झाला आणि १९९५ पासून वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचा महासंचालक झाला. जखमेवर हळद लावण्याच्या उपायावर अमेरिकेत दिले गेलेले पेटंट त्यांच्याच कारकिर्दीत, १९९७ साली, परिषदेने पुराव्यानिशी रद्द करवून घेतले. आजीच्या बटव्यातील ज्ञान जगाच्या न्यायासनापुढे उभे राहिले. त्यामागे एका विधवा मातेचे कष्ट होते आणि दरमहा साठ रुपये होते.

अपवादांचा युक्तिवाद

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. ही सारी यशस्वी माणसांची उदाहरणे झाली. वळण घेतले आणि हरवून गेले, अशांची चरित्रे कोणी लिहीत नाही. ज्या घरात महिनाअखेर भागत नाही, त्या घराने मुलाला ‘अंतरीची हाक ऐक’ असे सांगणे म्हणजे पोट भरलेल्यांचा उपदेश होय. नियमित वेतनाची नोकरी मिळवून आई-वडिलांचे कर्ज फेडणारा तरुण कोणत्याही अर्थाने लहान नाही. त्याच्या कर्तव्यबुद्धीला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु या आक्षेपातूनच खरा प्रश्न पुढे येतो. वळण घेण्याचे धैर्य व्यक्तीचे असते. ते परवडण्याची सोय मात्र समाजाने करायची असते. किर्लोस्करांना दोन वर्षे नांगर न विकता राहता आले, वेंकटस्वामींना अठ्ठावन्नाव्या वर्षी आरंभ करता आला, कारण कोणीतरी धोक्यातील वाटा उचलला. आज शिडीच्या पहिल्या पायरीवर समाज भरपूर खर्च करतो. शिकवणीवर्गाला लाखो रुपये मिळतात, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला पेढी कर्ज देते. परंतु पदवीनंतर नोकरी सोडून दुर्गम तालुक्यात रुग्णालय काढू पाहणाऱ्या डॉक्टर दांपत्याला, किंवा शेतीसाठी नवे अवजार घडवू पाहणाऱ्या अभियंत्याला पहिली दोन वर्षे कोण सांभाळतो? २०१६ पासून ‘स्टार्टअप इंडिया’सारख्या योजनांनी शासनाने काही वाटा मोकळ्या केल्या, हे मान्य केले पाहिजे. तरीही शासनाचा हात कागद पाहून पुढे येतो. भावाचा, बहिणीचा, गुरूचा हात कागदाआधी पुढे येतो. समाज म्हणून ही दुसऱ्या प्रकारची शक्ती क्षीण होत चालली आहे, ही चिंतेची गोष्ट आहे.

समाजाने काय करावे

उपाय मोठे नाहीत, पण ते नेटाने करावे लागतील. गुणवंतांचा सत्कार, शाल आणि श्रीफळ हा आपल्या ज्ञातिसंस्थांचा, गणेशमंडळांचा आणि सहकारी पतसंस्थांचा वार्षिक परिपाठ आहे. त्यातील काही निधी पदवीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांसाठी राखून ठेवता येईल. गावोगावी निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, कारखान्यांतील अनुभवी तंत्रज्ञ आहेत. वेंकटस्वामींचे चरित्र त्यांना सांगते की अठ्ठावन्न हे थांबण्याचे वय नाही. त्यांनी दरवर्षी एकेका तरुणाची जबाबदारी घेतली, तरी मोठे काम होईल. संस्थाचालकांनी धवन यांचा धडा घ्यावा: हाताखालच्या तरुणाचे पहिले अपयश आपल्या अंगावर घ्यावे, म्हणजे दुसरा प्रयत्न करण्याचे बळ त्याच्यात उरेल. आणि पालकांनी दहावीनंतरच्या त्या चर्चेत मुलाला बोलू द्यावे. त्याचे उत्तर अर्धवट असेल, पुढे बदलेलही. लक्ष्मणरावांचेही बदललेच होते.

प्रवेशपरीक्षेत नववा क्रमांक आलेले, रंग न ओळखू येणारे, दारावरून परत पाठवलेले विद्यार्थी आजही लाखोंच्या संख्येने आहेत. त्यांतील कोण कोठे पोहोचेल, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. झोहरा यांनाही बांगड्या गहाण ठेवताना ते ठाऊक नव्हते. तरीही त्यांनी त्या काढून दिल्या.